‘कधीच न झिजणारी’ ग्रॅफाइट प्लेट आणि माझे ४२,२७९ रुपये

आधी आकडा लिहिते. ४२,२७९ रुपये. नोकरी सुटल्यावर हातात आलेल्या पैशांतले. त्यातले फक्त १४,७५० घरच्यांना माहीत होते, बाकीचे मी गेल्या महिन्यात रडत रडत सांगितले. हे लिहायलाही मला तीन आठवडे लागले, कारण मी २२ वर्षं अकाउंट्समध्ये काढली आहेत. दुसऱ्यांची बिलं तपासणं हेच माझं काम होतं. कोणी म्हणेल, हाव नडली. हाव नव्हती हो. घरबसल्या महिन्याला आठ-दहा हजार सुटावेत, एवढीच अपेक्षा होती.

कल्पना आजही चुकीची वाटत नाही. नॉनस्टिकला कंटाळून लोक माळ्यावरचे बिडाचे तवे खाली काढतायत. गंजलेले, वर पन्नास वर्षांचा जळका थर. पुण्यात जुन्या बाजारात बुधवार-रविवारी असे तवे नि आप्पेपात्रं जमिनीवर मांडलेली असतात. ते साफ करून द्यायचे. आणि इलेक्ट्रोलिसिसने, म्हणजे पाण्यातून वीज सोडून, ते खरंच साफ होतात. टबात पाणी, त्यात धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरची मायनसची क्लिप तव्याला, प्लसची समोरच्या प्लेटला. रात्रभरात गंज सुटतो, काळा थर पापुद्र्यासारखा उचलला जातो, बिडाला ओरखडाही पडत नाही. मला प्लेट विकणाऱ्या माणसाने दाखवलेलं जवळजवळ सगळं खरं होतं. खोटी होती ती फक्त प्लेट, आणि सगळा पैसा त्या प्लेटवरच उकळायचा होता.

जूनमध्ये एका मंगल कार्यालयातल्या प्रदर्शनात स्टॉल होता. टबात आप्पेपात्र बुडवलेलं, पाणी बुडबुडत होतं. स्टॉलवाला सारखा म्हणत होता, “ताई, लोखंडी पत्रा गंजतो, ग्रॅफाइट गंजत नाही. आपली प्लेट अक्षय आहे.” मी म्हटलं, प्लेट बघू. त्याने बाहेर काढली. वरचा भाग, जिथे क्लिप लावतात तो, चांगला बोटभर जाड. पाण्याच्या रेषेपासून खाली मात्र ती बारीक होत गेलेली, कोपरे गोल, अगदी महिनाभर वापरलेल्या साबणाच्या वडीसारखी. मी बोट लावलं. बोट काळं झालं, ते मी पदराला पुसलं. मोतिया रंगाची साडी होती, तो डाग अजून आहे. मी विचारलंसुद्धा, “ही अशी का झालीय?” तो म्हणाला, “ती दुसऱ्या कंपनीची आहे ताई, डेमोला ठेवलीय. आपली सीलबंद खोक्यात.”

आणि मी गप्प बसले. स्वतःच्या अक्षय मालाच्या स्टॉलवर कोणी दुसऱ्याची झिजकी प्लेट कशाला ठेवेल? एवढा साधा प्रश्न मला सुचला नाही. झीज माझ्या बोटाला लागली होती, पदराला पुसली होती, आणि तिथेच उभी राहून मी फोन काढून १४,७५० रुपये पाठवले. वर ‘आजीवन गॅरंटी नोंदणी’चे १,४९९. रात्र रात्र मला तो क्षण आठवतो. पैसे गेल्याच्या रागापेक्षा त्याची चीड जास्त येते.

गॅरंटीचं कार्ड चकचकीत होतं. मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेलं होतं, ‘नैसर्गिक झीज वगळून’. झिजायचीच वस्तू, आणि झीज वगळून गॅरंटी! कार्ड उलटून वाचा, मग तुम्हाला कितीही घाई असो.

पहिले चार तवे सुरेख निघाले. पाचव्याला टबातलं पाणी काजळी कालवल्यासारखं झालं, तळाशी काळा गाळ. मला वाटलं, तव्याचाच मळ. पण नवा, जेमतेम गंजलेला तवा टाकला तरी तेच. तेव्हा प्लेट किचनच्या काट्यावर ठेवली. खोक्यातून काढल्यावर सवयीने वजन लिहून ठेवलं होतं, ३९० ग्रॅम. १९ रात्री वापरल्यावर २५१. दुसरीचंही तसंच.

फोन केला. “ताई, तुम्ही साधा सोडा वापरत असणार, आपली पावडर वापरा.” पाकीट ८९०, तीन घेतली, २,६७०. रविवार पेठेत धुण्याचा सोडा मला ६५ रुपये किलोने मिळतो. तिसरं पाकीट टाकलं तेव्हा गॅलरीत पोहण्याच्या तलावासारखा वास सुटला नि घसा चरचरला. त्यात मीठ मिसळलेलं असणार. या टबात मीठ कधीही घालू नका, क्लोरीन तयार होतो. एरवीही मायनसला हायड्रोजन निघतो, म्हणून टब उघड्यावरच ठेवा, बंद बाथरूममध्ये नको.

मग ‘गॅरंटीतल्या’ नव्या प्लेट्सचं हँडलिंग नि कुरिअर, २,३६०. त्या आल्या, दोन आठवड्यांत त्याही बारीक झाल्या. गॅलरीत लोकांचे ११ तवे पडून होते, शेजारच्या काकू रोज विचारायच्या. त्या दडपणात त्याने सांगितलं, जिल्हा प्रतिनिधी व्हा, प्लेट १८० रुपयांत पडेल, अनामत २१,००० आणि तीही परत मिळणारी. ते मी दिले. का दिले, याचं उत्तर माझ्याकडे एवढंच आहे की आधीचे २१,२७९ वाया गेले हे मान्य करायची माझी तयारी नव्हती. पैसे पोचल्यावर मी ‘ताई’ची ‘मॅडम’ झाले, आणि चौथ्या दिवशी नंबर बंद.

माझा भाचा भोसरीत टूलरूममध्ये आहे. तिथल्या ठिणगीने धातू कोरणाऱ्या स्पार्क मशीनवर ग्रॅफाइटचेच इलेक्ट्रोड असतात. त्याने प्लेट हातात घेऊन नखाने खरवडली, भुकटी पडली. म्हणाला, “मावशी, ग्रॅफाइट म्हणजे कार्बनच. प्लसच्या टोकाला ऑक्सिजन निघतो, तो कार्बनलाच खातो, त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात कार्बनचे अ‍ॅनोड सतत बदलावेच लागतात.” माझ्या वहीतून त्याने हिशोब काढला. आठ अँपिअर, दोन प्लेट्स, रोज दहा तास, १९ रात्री. म्हणजे एका प्लेटला ७६० अँपिअर-तास. अँपिअर-तासाला फार तर ०.११ ग्रॅम कार्बन असा जाऊ शकतो. झाले जेमतेम ८५ ग्रॅम. माझ्या प्लेटचे गेले होते १३९. म्हणजे उरलेले किमान ५४ ग्रॅम नुसते झडून टबात पडले होते. माल भुसभुशीत. दाट, बारीक कणाचं ग्रॅफाइट सावकाश झिजतं, करंट कमी ठेवला आणि प्लेट मोठी घेतली तर आणखी सावकाश. पण न झिजणारं ग्रॅफाइट विकतो म्हणणारा खोटं बोलतोय, एवढं पक्कं धरा.

नंबर बंद व्हायच्या आधी त्या प्लेटवाल्याने आणखी एक सल्ला दिला होता, स्टीलची ताटली लावा. भाच्याने हातातून काढून घेतली म्हणून वाचले. स्टेनलेस स्टील प्लसला लावलं की त्यातला क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतो. ज्या तव्यावर घावन घालायचं, त्याच्या टबात!

आता चौकीचं ऐका. पहिल्यांदा गेले तेव्हा गणपतीचा बंदोबस्त, साहेब नाहीत. दुसऱ्यांदा सव्वा तास बाकावर. मग विचारलं, “वस्तू मिळाली ना तुम्हाला? मग फसवणूक कसली? हे सिव्हिल मॅटर आहे.” मी म्हटलं, २१,००० ची तर वस्तूही नाही. “अनामत म्हणजे व्यवहार झाला.” फसवणुकीचं कलम पूर्वी ४२० होतं, आता भारतीय न्याय संहितेत ३१८ आहे, हे मी वाचून गेले होते. तिथे मलाच विचारलं, “वकील आहात का?” तिसऱ्यांदा अर्ज ठेवून घेतला आणि पोच द्यायला नकार! पोचेशिवाय हलू नका. मी चौथ्यांदा नवऱ्याला घेऊन गेले, तेव्हा शिक्का मिळाला. त्याच अर्जावर, त्याच टेबलावर. बाई एकटी आली तर शाई संपलेली असते का? आणि बँकेत तर मान वर करून कोणी बघितलं नाही. “पिन तुम्हीच टाकलात ना?” हो, मीच टाकला. खोटं सांगून घेतलेले पैसे चोरीचे नसतात का? पैसे गेल्या गेल्या १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, तासातासाने फरक पडतो. मी लाजेपायी नऊ दिवस थांबले, तोवर खात्यात काही उरलं नव्हतं.

आणखी एक जण म्हणाला, तुम्ही धंद्यासाठी घेतलं, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही. हेही चूक निघालं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्ट लिहिलंय, फक्त स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ‘व्यापारी कारणा’त धरत नाहीत. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, मुदत दोन वर्षं, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. हे मला त्या चार फेऱ्यांत एकानेही सांगितलं नाही.

विकणाऱ्याचे मेसेज, पावत्या, बोलण्याचं रेकॉर्डिंग, काही पुसू नका. मी रागाच्या भरात अर्धे चॅट उडवले, आता भाचा फोनमधून ते शोधतोय.

लोकांचे ११ तवे मी पूर्ण करून दिले. भंगारवाल्याकडून साध्या लोखंडाचा पत्रा आणला, ११० रुपये. जस्ताचा मुलामा असलेला नको, साधाच. तो गंजाने माखतो, दोन दिवसांनी खरवडून पुन्हा लावायचा. तव्याची जी बाजू पत्र्यासमोर तीच आधी सुटते, म्हणून मध्ये एकदा फिरवायचा. क्लिपा उलट लावल्या तर तवाच विरघळतो, आणि अ‍ॅल्युमिनियमचं भांडं तर त्यात बुडवूच नका. काकूंनी काल त्यांच्या तव्यावर आंबोळ्या केल्या, चार मला पाठवल्या.

आयोगातली तक्रार दाखल झालीय. ती २५१ ग्रॅमची प्लेट धुतलेली नाही, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलीय, सोबत वजनाची वही आणि ती साडी.