‘क्लासिक’ डबा, आत भलतंच ऑइल: माझ्या बीटलचा कॅमशाफ्ट कसा गेला

आधीच सांगतो, मी नवखा नाही. एअर कूल्ड, म्हणजे हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची जुनी फोक्सवॅगन बीटल बरीच वर्षं माझ्याकडे आहे, ऑइल मीच बदलतो, टॅपेट मीच सेट करतो, आणि तरी फसलो. खरं तर थोडंफार कळत होतं म्हणूनच फसलो, ज्याला काहीच कळत नाही तो ओळखीच्या कंपनीचा कॅन उचलतो, ओततो आणि गाडी चालवतो. मला मात्र ऑइलमध्ये झिंक कमी पडेल याची भीती बसली होती.

ती भानगड अशी. या इंजिनात कॅमशाफ्टचा (व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा) लोब, म्हणजे त्यावरचा उंचवटा, टॅपेटच्या (व्हॉल्व्हकडे धक्का पोचवणारा भाग) तोंडावर थेट घासत फिरतो, मध्ये रोलर वगैरे काही नाही. तिथे दाब एवढा असतो की ऑइलचा थर तुटतो, आणि त्या क्षणी धातू वाचवतं ते झेडडीडीपी, म्हणजे झिंक आणि फॉस्फरसवालं अ‍ॅडिटिव्ह. पण फॉस्फरसने नव्या गाड्यांचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा भाग) खराब होतो, म्हणून एपीआयच्या (ऑइलचे दर्जे ठरवणारी अमेरिकन संस्था) २००४ च्या एसएम दर्जापासून फॉस्फरसवर ८०० पीपीएमची (दहा लाखात ८०० भाग) मर्यादा आली. इथपर्यंत मला पाठ होतं. पुढचं अर्धं माहीत नव्हतं, ते म्हणजे ही मर्यादा ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० अशा पातळ ग्रेडना आहे, २०डब्ल्यू-५० ला ती लागूच होत नाही. म्हणजे चांगल्या कंपनीचं २०डब्ल्यू-५० घेऊन त्याची डेटाशीट (कंपनीचा माहितीचा कागद) बघितली असती तर विषय तिथेच संपला असता.

पण मला भेटला एक विक्रेता, जुन्या गाड्यावाल्यांमध्ये ऊठबस असलेला. बोलणं एकदम गोड. "सर, आजकालच्या ऑइलमध्ये झिंक राहिलंच नाही हो, तुमच्या इंजिनाला ते म्हणजे पाणीच." माझ्या मनातलंच बोलला ना, मग काय, मी मान डोलावली. त्याच्याकडे ‘एअर कूल्ड स्पेशल’ म्हणून पत्र्याचे डबे होते, जुन्या पद्धतीची अक्षरं, वर ‘हाय झिंक २०डब्ल्यू-५०’, आणि सोबत लॅब रिपोर्टची झेरॉक्स, त्यात झिंक १३४० पीपीएम. आपण क्लासिकवाले साधारण १००० ते १२०० बघतो, म्हटलं हे तर भरपूरच आहे. चार डबे घेतले. किंमत नेहमीच्या ऑइलच्या तिप्पट होती आणि तेव्हा त्याचा उलट अभिमान वाटला, आता काय बोलणार.

तीन गोष्टी डोळ्यासमोर होत्या आणि मी बघितल्या नाहीत. डब्यावर बॅच नंबर नव्हता. रिपोर्टवर पण बॅच नंबर नव्हता, म्हणजे तो रिपोर्ट नेमका कुठल्या ऑइलचा हे देवालाच ठाऊक. आणि डब्यावर खाली बारीक अक्षरात ‘एपीआय एसबी’ लिहिलेलं. मला वाटलं जुनं अक्षर म्हणजे जुन्या काळचं दणकट ऑइल! हा गैरसमज खूप जणांना आहे म्हणून जरा थांबून सांगतो. एपीआयची अक्षरं जितकी मागची तितकं संरक्षण कमी. एसए मध्ये अ‍ॅडिटिव्ह नसतातच, आणि एसबी बद्दल खुद्द एपीआय सांगतं की १९५१ नंतर बनलेल्या बहुतेक पेट्रोल इंजिनांना ते चालत नाही. माझी गाडी साठच्या दशकातली. म्हणजे त्याने खोटं छापलं ते झिंकचं, पण एसबी हे बहुतेक खरंच छापलं होतं, मीच वाचलं नाही.

पहिल्यांदा ओतलं तेव्हा सगळं छान. बीटलमध्ये ऑइल बसतं जेमतेम अडीच लिटर, फिल्टर नाही, खाली नुसती जाळी, आणि तेवढ्यावरच वंगण पण आणि बऱ्यापैकी कूलिंग पण चालतं. त्यामुळे आम्ही लोक ऑइलला देवासारखे जपतो. पाच हजार किलोमीटरला बदललं, पुन्हा त्याच डब्यातलं टाकलं, टॅपेटचे गॅप (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली फट) बघितले तर एक आणि तीन नंबरच्या सिलिंडरचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सैल. असायला हवा ०.१५ मिमी, निघाला ०.२५ च्या आसपास. एका ओळखीच्या मेकॅनिकला विचारलं, तो म्हणाला लॉकनट नीट बसला नसेल, पुन्हा आवळ. आवळलं. आठशे किलोमीटरनंतर आवाज पुन्हा आला, टक टक टक, गॅप पुन्हा सैल आणि पुन्हा तेच दोन.

इथे मला खटकायला हवं होतं आणि या वेळी खटकलं. एक तर जुन्या बीटलमध्ये तीन नंबरला ऑइल कूलरमुळे हवा कमी मिळते, तो सिलिंडर तापतो, तिथला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ताणला जातो आणि गॅप कमी होतो. वाढत नाही. आणि दुसरं, या इंजिनात कॅमला चारच लोब असतात, एक लोब समोरासमोरचे दोन टॅपेट हलवतो. एक आणि तीनचे एक्झॉस्ट एकाच लोबवर! दोन्हीकडचे नट एकाच वेळी कसे सैल होतील, अडचण मध्ये, त्या लोबपाशी आहे.

ड्रेन प्लग मी मॅग्नेटचा बसवलेला आहे. काढला तर त्याला काळपट करडी पेस्ट, बोटावर चोळली की चमकणारी. ऑइलचा दिवा एकदा पण लागला नव्हता, तो लागतो प्रेशर अगदी तळाला गेल्यावर, कॅम झिजतोय हे त्याला कळायचं काही कारणच नाही. डायल गेज लावून लिफ्ट (लोब किती उचलतो ते) मोजली तर त्या लोबची उंची बाकीच्यांपेक्षा सरळसरळ कमी.

मग जे आधी करायचं ते नंतर केलं. दोन डबे सीलबंद होते, त्यातला एक फोडून नमुना ऑइल टेस्ट करणाऱ्या लॅबला पाठवला. वापरलेलं ऑइल मुद्दाम पाठवलं नाही, कारण विक्रेता म्हणणारच की तुमच्या इंजिनाने खराब केलं. रिपोर्ट आला: झिंक ४३०, फॉस्फरस ३९०. १०० अंशाला व्हिस्कॉसिटी (दाटपणा) ११ च्या जवळ, ५० ग्रेड म्हणवायला किमान १६.३ लागते, म्हणजे ते ऑइल ३० ग्रेडमध्ये बसतं. आता खरं बोलायचं तर कंपनीच्या जुन्या मॅन्युअलमध्ये उष्ण हवेला एसएई ३० च सांगितलंय, त्यामुळे पातळपणाने इंजिन गेलं असं मी म्हणणार नाही. कॅम अगोदरच थोडा खाल्लेला असेल ही शक्यता पण मी सोडत नाही. पण डब्यावर मोठ्या अक्षरात जे लिहिलंय त्यातलं आत काहीच नाही एवढं तर कागदावर आलं.

विक्रेत्याला रिपोर्ट पाठवला. आधी म्हणाला लॅब चुकली असेल. मग म्हणाला तुम्ही गाडी फार पळवता (बीटल! पळवतो!). मग सल्ला दिला की वेगळी झिंकची बाटली टाका, ती पण त्याच्याचकडे मिळते. असली बाटली तयार ऑइलमध्ये अंदाजाने ओतू नका, बाकीच्या अ‍ॅडिटिव्हचं गणित बिघडतं आणि झिंक प्रमाणाबाहेर गेलं तरी धातूला त्रास होतो. नंतर त्याने उत्तर देणं बंद केलं. पैसे परत मिळाले नाहीत, आणि पैशाचं एवढं काही नाही, कॅमसाठी इंजिन उतरवून केस दोन भागात उघडावी लागली ते जास्त लागलं. दोन टॅपेटची तोंडं खड्डे पडलेली, बशीसारखी खोलगट झालेली निघाली. नवा कॅम, आठही टॅपेट नवे, आणि इंजिन उघडलंच आहे तर बेअरिंग पण.

नवा कॅम बसवल्यावर पहिली वीस मिनिटं इंजिन आयडलला ठेवायचं नसतं, २००० आरपीएमच्या आसपास ठेवावं लागतं, नाहीतर लोब तिथेच जातो. ती वीस मिनिटं मी एक्सलेटरची तार धरून मागे बसलो होतो आणि या वेळी आत होतं एका साध्या, नावाजलेल्या कंपनीचं २०डब्ल्यू-५०, डब्यावर बॅच नंबर, डेटाशीटमध्ये झिंक आणि फॉस्फरसचा आकडा. किंमत त्या ‘स्पेशल’च्या एक तृतीयांश.

तुमच्याकडे असा डबा असेल तर वास घेऊन, बोटावर चोळून काही कळत नाही, मी ते सगळं करून बसलोय. सीलबंद डब्यातला नमुना लॅबला द्या आणि रिपोर्ट येईपर्यंत उरलेले डबे उघडू नका. माझ्याकडचा एक अजून सीलबंद आहे, पुरावा म्हणून ठेवलाय. फोडलेल्यातलं उरलेलं गॅरेजच्या दाराच्या बिजागऱ्यांना घालतो, तिथे मात्र झकास काम करतं.