लेकीच्या कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसमध्ये मदत वाढवून मिळावी म्हणून अपील केलं, त्याचा अनुभव: ५ पैकी साडेतीन स्टार

कॉलेजचं नाव देत नाहीये, लेकीला तिथेच चार वर्षं काढायचीत. अमेरिकेतलं प्रायव्हेट कॉलेज आहे एवढं पुरे. पण ज्यांच्या घरी आत्ता लेऑफ झालाय आणि हातात जुन्या पगारावर काढलेलं अवॉर्ड लेटर (किती आर्थिक मदत मिळणार ते सांगणारं कॉलेजचं पत्र) आहे त्यांच्यासाठी सविस्तर लिहितेय, कारण मला तेव्हा हे नीट समजावून सांगणारं कोणी भेटलं नाही.

झालं असं की फेब्रुवारी २०२५ मध्ये ह्यांचा जॉब गेला. फॅफ्सा (सरकारी शिक्षण-मदतीचा अर्ज) आम्ही त्याआधीच डिसेंबरमध्ये भरला होता आणि २०२५-२६ च्या फॅफ्साला टॅक्स रिटर्न लागतो २०२३ चा, म्हणजे तेव्हा ह्यांचा पूर्ण पगार, वर बोनस, माझा डेकेअरचा पार्टटाइम जॉब, सगळं धरून एसएआय निघाला, म्हणजे मदतीची गरज मोजायचा आकडा, तो जेवढा मोठा तेवढी मदत कमी. (पूर्वी ज्याला ईएफसी म्हणायचे त्याच्या जागी २०२४-२५ पासून हा आलाय.) मार्चमध्ये लेटर आलं, त्यात मेरिट स्कॉलरशिप सोडली तर फक्त ५,५०० डॉलरचं अनसबसिडाइज्ड लोन, ज्याचं व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. हे शेजारी बसून वाचत होते, काही न बोलता उठून गॅरेजमध्ये गेले.

आधी दीड स्टार का कापला ते सांगते. ऑफिसला फोन केला तर ज्या मुलाने उचलला तो म्हणाला अवॉर्ड फायनल आहे, आता काही होत नाही. साफ चुकीचं! हायर एज्युकेशन ॲक्टच्या ४७९ए कलमात एड ऑफिसला प्रोफेशनल जजमेंटचा अधिकार दिलाय, म्हणजे कागद बघून एकेका विद्यार्थ्याचे आकडे बदलता येतात, आणि सरसकट सगळ्यांना नाही म्हणायचं असं धोरण कॉलेजला ठेवताच येत नाही. अशी विनंती करता येते हे त्यांना जाहीरही करावं लागतं. केलं होतं त्यांनी, पण वेबसाइटच्या पार तळाशी 'स्पेशल सर्कमस्टन्सेस' नावाच्या लिंकखाली, मला रात्री एक वाजता सापडलं ते. त्या पोराच्या शब्दावर विश्वास ठेवून गप्प बसलो असतो तर? आजही विचार आला की पोटात गोळा येतो.

दुसरी तक्रार पोर्टलची. टर्मिनेशन लेटर, शेवटची पे स्टब (पगाराची स्लिप), सेव्हरन्सचं (नोकरी जाताना कंपनीने दिलेल्या पैशांचं) पत्र, बेरोजगारी भत्त्याचं पत्र, १०४० (टॅक्स रिटर्न) आणि डब्ल्यू-२ (वर्षाच्या पगाराचा कंपनीचा फॉर्म) असं सगळं एकदम मागायचं ना, तर ते तुकड्यातुकड्याने मागत राहिले, दर वेळी नवीन ईमेल, आणि अपलोड केलं की 'रिसीव्ह्ड' एवढं एकच दिसणार, मग बारा दिवस शांतता. त्यात आमचा फॅफ्सा व्हेरिफिकेशनला, म्हणजे भरलेली माहिती कागदांवरून तपासायला, निवडला गेला होता, आणि ते पूर्ण झाल्याशिवाय अपील पुढे सरकत नाही हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही, तिथे एक आठवडा गेला.

आता चांगलं. मी परत फोन करून सरळ म्हटलं की प्रोफेशनल जजमेंटबद्दल बोलायचंय, काउन्सेलरची अपॉइंटमेंट द्या. तो शब्द वापरल्यावर दुसऱ्याच दिवशीची मिळाली. ती बाई फार चांगली निघाली. मी तीन पानी पत्र लिहिलं होतं, लेक लहानपणापासून किती हुशार, आम्ही या देशात कसे आलो वगैरे, तिने ते शेवटपर्यंत वाचलं आणि हळूच म्हणाली, हे एका पानात करा, तारखा आणि आकडे द्या. मग आम्ही रात्री बसून लिहिलं: अमुक तारखेला नोकरी गेली, २०२३ चं उत्पन्न एवढं, २०२५ मध्ये जानेवारी ते डिसेंबर एवढं येईल, त्यात पगार किती, सेव्हरन्स किती, भत्ता किती, माझा पगार किती. सेव्हरन्स लपवू नका, तो पे स्टबवर दिसतोच. सीओबीआरएच्या (नोकरी गेल्यावर जुन्या कंपनीचाच, पण स्वतःच्या खर्चाने चालू ठेवलेल्या) हेल्थ इन्शुरन्सचे महिन्याला २,१०० डॉलर भरत होतो त्याची बिलं जोडायला तिनेच सांगितलं, मला सुचलंच नव्हतं. कारचं लोन आणि क्रेडिट कार्डचं कर्ज मात्र धरत नाही म्हणाली. भत्त्याचं पत्र ९० दिवसांच्या आतलं लागतं, आमचं होतं.

आणि एक, या कॉलेजच्या स्वतःच्या ग्रँटचा (परत न फेडायच्या मदतीचा) हिशोब सीएसएस प्रोफाइल नावाच्या वेगळ्या अर्जावर होतो, फॅफ्सावर नाही, म्हणून तिला विचारून घेतलं की एकाच अपीलात दोन्ही बघणार ना. हो म्हणाली, पण तुम्ही तुमच्याकडे विचाराच.

१ मेची, जागा पक्की करायच्या डिपॉझिटची तारीख जवळ आली तरी उत्तर नव्हतं. मुदत मागितली, तिने ईमेलवर लेखी दोन आठवडे दिले. ९ मेला नवं लेटर आलं: कॉलेजची ग्रँट ९,४०० डॉलर, आणि त्या ५,५०० मधले ३,५०० सबसिडाइज्ड झाले, म्हणजे शिकत असेपर्यंत त्यांचं व्याज सरकार भरतं. पेल ग्रँट (कमी उत्पन्नवाल्यांना मिळणारी सरकारी ग्रँट) नाही मिळाली, माझ्या पगारामुळे आणि सेव्हरन्समुळे उत्पन्न तेवढं खाली गेलं नव्हतं. यावर आणखी वर दाद मागायची सोय नाही, शिक्षण खातंसुद्धा कॉलेजचा निर्णय बदलत नाही, तेव्हा पहिलंच पत्र नीट लिहा.

लेकीने त्याच रात्री डिपॉझिट भरलं. हे सगळं फक्त या एका वर्षापुरतं आहे हं. २०२६-२७ च्या फॅफ्साला २०२४ चा टॅक्स लागणार, आणि २०२४ मध्ये ह्यांचा पगार पूर्ण होता, म्हणजे परत तोच एसएआय, परत अपील. काउन्सेलरने आत्ताच सांगून ठेवलंय की नवं लेटर यायची वाट बघू नका, फॅफ्सा भरला की लगेच मला ईमेल टाका. फाइल तशीच टेबलाच्या खणात ठेवलीय.