सेव्हन्थ कॉर्ड समजून घ्यायच्या आहेत: घरातली पेटी की नवी गिटार?

कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवलेले सूर. त्यातल्या तीन सुरांच्या मेजर आणि मायनर कॉर्ड हाताखाली आल्या की गाणी बऱ्यापैकी वाजायला लागतात. मग कधीतरी नावापुढे सातचा आकडा दिसतो. ही सेव्हन्थ कॉर्ड: त्या तीन सुरांत मूळ सुरापासूनचा सातवा सूर मिसळलेली. तिथे बरेच जण विचारतात, आता पुढचं शिकायला गिटार घेऊ का? घरात आजोबांची किंवा भजनी मंडळातली पेटी कपड्यात गुंडाळून ठेवलेली असते, पण कॉर्ड म्हटलं की तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. मी दोन्ही वाटांनी गेलो आहे. आधी गिटार, बऱ्याच उशिरा पेटी. कीबोर्ड किंवा पियानो असेल तर हा प्रश्न तुमच्यासाठी नाही, सरळ त्यावर बसा.

गिटारची बाजू आधी मांडतो, कारण तिचं माझ्यावर ऋण आहे. सेव्हन्थ कॉर्डचा रंग गिटारवर पहिल्याच दिवशी कळतो. सी मेजर सेव्हन धरायची तर सी मेजरमधली तर्जनी उचलायची, बस्स. एक हलका हात फिरवला की संध्याकाळ झाल्यासारखं वाटतं. सूर लगेच विरत जातो, त्यामुळे शुद्ध नी आणि सा यांच्यातली घासाघीस टोचत नाही. पट्टी बदलायची असेल तर आडवं बोट लावलेला आकार तीन घरं (फ्रेट) सरकवला की झालं. पेटीवर पांढरी एकवरून (गिटारवाल्यांचा सी) काळी दोनवर जायचं म्हणजे बोटांची सगळी मांडणी नव्याने बसवावी लागते. गाता गाता साथ करायची असेल, ठेका धरायचा असेल, तर गिटारला तोड नाही. मुंबईच्या चित्रपटसंगीतात सेबॅस्टियन डिसोझांसारख्या गोव्याच्या संयोजकांनी जे स्वरमेळ आणले, त्यामुळे या कॉर्डचा आवाज आपल्या कानांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचा आहे. त्या आवाजाशी सलगी करायला गिटार फार कमी वेळ घेते.

पण समजणं ही वेगळी गोष्ट, आणि माझी अडचण तिथेच झाली.

सी मेजर धरलेली असताना सी सेव्हन्थ करायची तर करंगळी (बारीक तारेकडून मोजून) तिसऱ्या तारेच्या तिसऱ्या घरात टाकायची. म्हणून मी मनाशी ठरवून टाकलं की सेव्हन्थ म्हणजे एक बोट वाढवणं. मग ए सेव्हन्थ आली, तिथे बोट उचलायचं. ई सेव्हन्थ, पुन्हा उचलायचं, पण दुसऱ्याच तारेवरून. डी सेव्हन्थमध्ये आकारच उलटा होतो. जी सेव्हन्थमध्ये पहिल्या तारेवरचं बोट तिसऱ्या घरातून पहिल्या घरात येतं. एकच गोष्ट, आणि हाताला पाच तऱ्हांनी करावी लागते. सातवा सूर कधी वरच्या तारेवर, कधी मधे, कधी मोकळ्या तारेतून. बोटांना पाचही आकार पाठ झाले, पण यात समान काय आहे असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. हे असं वर्षभर चाललं.

शेवटी शिकवणाऱ्यांनी एकदा विचारलं, या सी सेव्हन्थमध्ये पंचम कुठे आहे? मी एकेक तार छेडून पाहिली. सा, ग, कोमल नी, सा, ग. पंचम नव्हताच. तिसरी मोकळी तार पंचमाची होती आणि करंगळी नेमकी तिच्यावर पडत होती. ज्या कॉर्डवरून मी अख्खं प्रकरण समजून घेत होतो, तिच्यातून एक सूर गळलेला होता. कॉर्ड म्हणून त्यात चूक काही नाही. पंचम नसला तरी तिची ओळख राहते, कारण ओळख ग आणि नी ठरवतात. पण हे ज्याला आधीच माहीत आहे त्याच्यासाठी ठीक. शिकणाऱ्याला ते कळण्याची सोय त्या आकारात नाही.

त्या रात्री घरी पेटी उघडली. पांढरी एकला सा धरला. सा, ग, प आणि वरचा सा, चार बोटं. आता फक्त करंगळी हलवायची. वरच्या सावरून एक पट्टी खाली, शुद्ध नी: मेजर सेव्हन. आणखी एक खाली, कोमल नी: नुसती सेव्हन्थ, डॉमिनंट म्हणतात ती. आणखी एक खाली, शुद्ध ध: सिक्स्थ. तीन पावलांत तीन कॉर्ड, बाकीची बोटं जागच्या जागी. आणि मग गिटारच्या त्या पाच तऱ्हांचंही कोडं सुटलं. ए, ई, डी आणि जी या चारही ठिकाणी मूळ सुराचाच वरच्या सप्तकातला जोडीदार दोन घरं खाली उतरतो. माझ्या करंगळीने पेटीवर नेमकं तेच केलं होतं. वेगळी वागते ती एकटी सी सेव्हन्थ, जी सा तसाच ठेवून पंचमाची जागा घेते. आणि मी सुरुवात तिच्यापासूनच केली होती.

पुढचंही पेटीवर भराभर सुटतं. गंधार कोमल केला आणि नी कोमलच ठेवला की मायनर सेव्हन. पंचमाऐवजी तीव्र मध्यम घेतला की हाफ डिमिनिश्ड. मग कोमल नीवरून शुद्ध धैवतावर उतरलात की पूर्ण डिमिनिश्ड. पुस्तकात या शेवटच्या सुराला दोनदा उतरवलेला नी म्हणतात आणि विद्यार्थी घाबरतात. पट्टीवर बोट ठेवून पाहिलं तर तो आपला धैवत असतो. सरगमीचा हा फायदा मराठी घरात वाढलेल्या माणसाला फुकट मिळालेला आहे: सुरांना आपण सापासून मोजतोच. फक्त कॉर्ड ज्या सुरापासून उभी करायची त्याला घटकाभर सा मानायचं.

आता नुसत्या पांढऱ्या पट्ट्यांवर एक घ्या, एक सोडा. सा ग प नी. रे म ध सा. ग प नी रे. असं नीपर्यंत जा. सात कॉर्ड होतात: सा आणि म वरच्या मेजर सेव्हन, रे, ग आणि ध वरच्या मायनर सेव्हन, नी वरची हाफ डिमिनिश्ड. डॉमिनंट सातांत एकच, पंचमावरची: प नी रे म. ती इतकी अस्वस्थ का वाटते तेही हाताखालीच कळतं. तिच्यातला नी वर साकडे ओढतो, म खाली गकडे. दोघंही अर्धा सूर सरकले की घर आलं. इथे गिटारचा न्याय करायला हवा. जी सेव्हन्थवरून सी मेजरवर जाताना पहिल्या तारेवर म चा ग होतो आणि दुसऱ्या तारेवर नी चा सा. हे गिटारवर फार सुरेख दिसतं, पण कुठे पाहायचं ते आधी माहीत असलं तर.

अजून एक फरक. पेटीवर सूर टिकतो. भाता चालू आहे तोवर चारही सूर समोर उभे असतात. एकेक बोट उचलून पाहता येतं की काय गेल्यावर काय हरवलं. आकाशवाणीने १९४० पासून साधारण तीन दशकं पेटीला दूर ठेवलं. तिच्यात मींड नाही, सूर जागचा हलत नाही, हा तेव्हाचा मोठा आक्षेप होता. रागासाठी तो आक्षेप मला पटतो. कॉर्ड समजून घेताना मात्र न हलणारा सूरच हवा असतो.

पेटीच्या मर्यादाही ऐकून ठेवा. एक हात भात्यावर असतो, म्हणून डाव्या हाताने खालचा सूर धरून उजव्याने वर कॉर्ड मांडणं जमत नाही. खर्जात चार सूर एकत्र दाबले तर गढूळ ऐकू येतात. मध्य सप्तकातच राहा. कपलर (एक पट्टी दाबली की दुसऱ्या सप्तकातला तोच सूरही वाजवणारी सोय) असेल तर बंद ठेवा, नाहीतर नी आणि सा शेजारी येऊन मेजर सेव्हन कर्कश लागते. जुना भाता चार सुरांना हवा पुरवताना धापा टाकतो. आणि पेटी गांधार ट्यूनिंगची, म्हणजे एकाच ठरावीक सा ला धरून सूर जुळवलेली असेल तर जपून. सावरची कॉर्ड अतिशय गोड लागते, पण इतर सुरांवरच्या काही खटकतात. त्यात तुमच्या कानाचा दोष नसतो.

उलटापालट केलेल्या कॉर्डबद्दल थोडं. ग प नी सा असं खालून वर मांडलं तरी मूळ सा च, हा विचार रामो या फ्रेंच संगीतकाराने १७२२ मध्ये नीट मांडला. पेटीवर खालचा सा उचलून वर ठेवला की तो हाताने पटतो. गिटारवर बहुतेक आकारांत सुरांचा क्रम आधीच बदललेला असतो, त्यामुळे सरळ काय आणि उलटं काय हेच नव्या माणसाला कळत नाही.

प्रत्येकाचा हात वेगळा, कान वेगळा. तुम्हाला मित्रांबरोबर बसून गाणी वाजवायची असतील, नावापुढच्या सातशी तेवढ्यापुरतंच काम असेल, तर गिटार घ्या आणि आनंदाने वाजवा. पण ही कॉर्ड अशी का ऐकू येते हा प्रश्न रात्री डोक्यात राहत असेल, तर मी म्हणेन दोन महिने थांबा. पेटीवरचा कपडा काढा, कुणाकडून तरी भाता तपासून घ्या, आणि करंगळीचा तो तीन पावलांचा उतार रोज काही मिनिटं करा. पांढरी एकवरून झाला की पांढरी चारवरून, मग काळी एकवरून.

गिटार मी सोडलेली नाही. फक्त सी सेव्हन्थ आता शक्यतो तिसऱ्या घरात आडवं बोट लावून धरतो. जरा जास्त दाबावं लागतं, पण तिच्यात पंचम आहे.