पिकअपचं इंजिन काम आणि पोत्यातले तीन पिस्टन

लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, कारण लिहिलं की आधी आपलीच अक्कल निघते. पण परवा ओतूरकडच्या एका पोराचा फोन आला, दादा तुम्ही इंजिनचं काम हायवेच्या त्या गॅरेजला केलं होतं ना, कसा आहे माणूस, मी पण टाकतोय गाडी. म्हटलं आता लिहायलाच पाहिजे. गॅरेजचं नाव टाकत नाही, का ते पुढे येईलच, नाव विचारू नका.

गाडी बोलेरो पिकअप, २०१४ चं मॉडेल, २५२३ सीसीचं कॉमन रेलवालं इंजिन. पहिल्यापासून माझ्याच हातात आहे, ड्रायव्हर कधी ठेवला नाही. नारायणगाव ओतूर भागातून टोमॅटो, कांदा, सिझनला फ्लॉवर, माळशेज उतरून कल्याण नाहीतर वाशी, येताना रिकामे क्रेट. साडेतीन लाख किलोमीटर झाले होते. २०२३ च्या उन्हाळ्यात गाडी ऑइल प्यायला लागली, हजार किलोमीटरला लिटरच्या आसपास, आणि चालू इंजिनवर ऑइलचं झाकण काढलं की खालून भकाभका धूर. नवीन गाडीचा हप्ता आपल्याला झेपणारा नव्हता म्हणून ठरवलं की हिलाच नवी करायची. हौद्याचा पत्रा खालून सडला होता तो बदलला, फालक्याच्या कड्या नव्या लावल्या, मागे स्प्रिंगचा एक पाटा वाढवला, हेडलाइट बदलले. ही सगळी कामं वेगवेगळ्या माणसांकडे केली आणि सगळी चोख झाली, पाटेवाल्याने तर जुना पाटा सुद्धा बघून परत हौद्यात टाकून दिला. राहिलं फक्त इंजिन.

आमचा कायमचा मिस्त्री म्हणजे तात्या. त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, महिनाभर हात लावणार नाही म्हणाला. आणि मला घाई. गाडी आठ वर्षांच्या वर गेली की पासिंग, म्हणजे आरटीओचं फिटनेस, दरवर्षी लागतं, माझं पासिंग जुलैत संपत होतं आणि एवढा धूर मारणारी गाडी घेऊन आरटीओत जायची सोय नव्हती. मग मेव्हण्याच्या ओळखीने या गॅरेजला गेलो. शेड मोठी, दोन रॅम्प, भिंतीवर स्पॅनर साईझप्रमाणे टांगलेले, काउंटरवर कॉम्प्युटर. शेठ एकदम गोड माणूस, भाऊ भाऊ करून बोलणार, गेलं की स्पेशल चहा. तात्याच्या पत्र्याच्या टपरीपुढे मला हे मोठं हॉस्पिटलच वाटलं, खोटं कशाला बोलू.

पाच जूनला गाडी लावली. सहा दिवसांत देतो म्हणाला. चाळीस हजार ॲडव्हान्स. तिसऱ्या दिवशी फोन, भाऊ लायनर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी) गेलेत, पिस्टन गेलेत, क्रँकला (पिस्टन फिरवतात त्या दांड्याला) पण मार आहे, ग्राइंडिंग करून, म्हणजे घासून बारीक करून, त्या मापाची अंडरसाईझ बेअरिंग टाकावी लागेल, फुल काम करावं लागेल, अर्धवट केलं तर परत तुम्हीच मला शिव्या द्याल. मी म्हटलं करा. आठवड्याने फोन, इंजेक्टर चारही गेलेत. मी म्हटलं करा. मग टर्बो. मग क्लच प्लेट, इंजिन उतरवलंच आहे तर टाकून घेऊ. मी म्हटलं करा. पुढचे दोन टायर पण त्यानेच दिले, म्हणे माझ्याकडे पडलेत नवे, तुम्हाला खरेदीच्या भावात देतो. प्रत्येक वेळी फोनवरच हो. शेड घरापासून बावीस किलोमीटर आणि गाडी गॅरेजला म्हणजे मी पायी, किती वेळा जाणार. दोनदा गेलो तर इंजिन सुटं होऊन टेबलावर, वर फडकं टाकलेलं. फडकं काढून बघावं असं वाटलं पण हात झाला नाही. समोर माणूस चहा देतोय आणि आपण त्याच्या कामावर झाकलेलं फडकं उचलायचं, बरं दिसत नाही ना. इथेच मी मेलो.

सहा दिवसांचे सत्तावीस दिवस झाले. आणि ते दिवस कुठले तर २०२३ च्या जूनचा शेवट. टोमॅटोने उसळी घेतली ती तेव्हाच, जुलैत नारायणगावला वीस किलोचा क्रेट दोन हजारांच्या वर गेलेला सगळ्यांना आठवत असेल. भाड्यासाठी लोक फोनवर फोन करत होते आणि मी त्यांना दुसऱ्यांच्या गाड्या लावून देत होतो. ते नुकसान मी कुठल्याच हिशोबात धरलेलं नाही, धरलं तर झोप येत नाही.

दोन जुलैला गाडी मिळाली. बिल असं होतं: मजुरी १६,०००, लायनर पिस्टन सेट १५,५००, क्रँक ग्राइंडिंग आणि ०.२५ बेअरिंग सेट ८,०००, हेडचं काम ६,०००, नवीन इंजेक्टर चार १८,०००, टर्बो ११,०००, क्लच ९,०००, ऑइल फिल्टर गॅस्केट ७,५००. झाले ९१,०००, आणि टायर १२,४००. एकूण १,०३,४००. गॅरंटी सहा महिने, तोंडी. आणि मी आयुष्यात पहिल्यांदा शहाणपणा करून म्हटलं, शेठ जुने पार्ट द्या. सगळे सांगतात ना जुने पार्ट मागून घ्या म्हणून. तर तो हसला, म्हणाला अरे भाऊ काढूनच ठेवलेत, आणि पोराने सुतळीने तोंड बांधलेलं एक पोतं हौद्यात टाकलं, काळं, तेलकट, चांगलं जड. मी खूश. घरी येऊन गोठ्याच्या कोपऱ्यात टाकलं. सोडून बघितलं नाही.

पहिले तीन आठवडे गाडी मख्खन. धूर नाही, आवाज नाही, पासिंग पण झालं. आता कळलंय की जाड ऑइल ओतलं की झिजलेलं इंजिन पण काही दिवस गप्प बसतं. हजार किलोमीटरला सर्व्हिसला माझ्याकडेच आणा, बाहेर ऑइल बदलू नका, असं शेठने बजावून सांगितलेलं, मी ते काळजी समजलो.

ऑगस्टमध्ये एकदा वाशीहून रिकामे क्रेट घेऊन येत होतो, रविवार, माळशेजला पाऊस आणि धुकं आणि धबधब्याची पब्लिक. चढाला दुसऱ्या गिअरवर गाडी, मागे मुंबईची एक कार सारखा हॉर्न मारतेय. आरशात बघितलं तर कारच दिसेना, मागे सगळा निळा धूर. काळा धूर असता तर डिझेल जास्त जातंय किंवा हवा कमी पडतेय असं तरी म्हटलं असतं, निळा म्हणजे ऑइल जळतंय. वर बोगद्याच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली, इंजिन स्लोला आलं आणि ऑइलचं प्रेशर कमी असल्याचा लाल दिवा मिणमिणायला लागला. रेस केली की जातो, सोडली की येतो. ती कारवाली मंडळी काचा वर करून, नाकाला रुमाल लावून माझ्याकडे बघत पुढे गेली.

शेठला फोन केला तर म्हणाला पिस्टनच्या नवीन रिंगा आहेत, बसायला वेळ लागतो, चालवा बिनधास्त. मग परत फोन केला तर सेन्सर असेल. मग फोन उचलणं बंद. सप्टेंबरमध्ये गाडी तात्याकडे नेली. तात्या आधी काहीच बोलला नाही, आपल्याला सोडून गेलास म्हणून फुगलेला. हेड उतरवलं, माझा हात धरून बोट सिलिंडरमध्ये घातलं आणि म्हणाला नख खालून वर ओढ. वरच्या कडेशी नख खटकन अडकलं. म्हणाला ही धार बघ, पिस्टन वर्षानुवर्षं घासून जिथे थांबतो तिथे ही पायरी राहते, नव्या लायनरला ही कुठून येईल. नव्या लायनरला आत बारीक तिरप्या रेघांची जाळी असते, हे बघ इथे आरसा झालाय आणि उभे ओरखडे. रिंगा तेवढ्या नवीन टाकल्या होत्या, बाकी तेच लायनर, तेच पिस्टन.

मग खालून ऑइलचा चेंबर काढला, कनेक्टिंग रॉडची एक कॅप सोडली, बेअरिंगची वाटी काढून पुसली आणि उलटी करून माझ्या तळहातावर ठेवली. पाठीवर बारीक अक्षरं पंच केलेली, एसटीडी. म्हणजे स्टँडर्ड. बिलात काय लिहिलं होतं, ०.२५. क्रँक खरंच पाव एमएम ग्राइंड केला असता तर वाटीच्या पाठीवर ०.२५ असायला पाहिजे होतं. तरी तात्याने क्रँकला मायक्रोमीटर लावून बघितलं, ग्राइंडिंग झालेलंच नव्हतं, नुसता झिजला होता. आठ हजार रुपये त्या तीन अक्षरांत गेले. ही अक्षरं बघायला मिस्त्री असावं लागत नाही, चष्मा असला तरी पुरे.

मी म्हटलं तात्या असं कसं, जुने पिस्टन तर माझ्याकडे आहेत. घरून पोतं आणलं, तात्याने सुतळी कापून जमिनीवर ओतलं. एक फुटकी क्लच प्लेट, गिअरचे दात, कसल्या तरी बेअरिंग, दोन लोखंडी ब्रॅकेट आणि पिस्टन. तात्या म्हणाला, तुझ्या गाडीला सिलिंडर किती? म्हटलं चार. म्हणाला मग मोज. तीन होते. तीनच! व्हर्नियर लावला तर ८३ एमएम, आपल्या इंजिनचा बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली रुंदी, ८८.९. दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचे. माझी किंमत त्या माणसाने एवढी केली होती की चौथा पिस्टन शोधायचे पण कष्ट घेतले नाहीत.

बाकीचं पटकन सांगतो. इंजेक्टर डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्याकडे टेस्ट बेंचला लावले, जुनेच साफ करून बसवलेले, दोन इंजेक्टर रिटर्न जास्त मारत होते, म्हणजे डिझेल पाहिजे त्यापेक्षा जास्त परत सोडत होते. क्लच मात्र खरंच नवीन होता, ते कबूल केलं पाहिजे. टायरच्या बाजूला चार आकडी कोड असतो, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, माझ्या दोन्ही 'नव्या' टायरवर ०९१७ होतं, म्हणजे २०१७ चा नववा आठवडा, सहा वर्षं कुठे तरी पडून असलेले. आणि बॅटरी. बॅटरीचं तर त्याला कामच दिलं नव्हतं, पण वॉरंटी कार्डवरचा नंबर आणि गाडीत असलेल्या बॅटरीवरचा नंबर वेगळा निघाला. तिथपर्यंत येईपर्यंत मला हसायला यायला लागलं होतं.

रुमालात त्या वाट्या बांधून गॅरेजला गेलो. शेठने शांतपणे बघितल्या आणि म्हणाला, भाऊ तुम्ही गाडी दुसऱ्याकडे उघडलीत, आता यात कोणी काय टाकलं मला काय माहीत, तुमच्या तात्यानेच बदलल्या असतील. माझ्याकडे उत्तर नव्हतं. उघडताना व्हिडिओ केला नव्हता, त्याला आधी लेखी कळवून, त्याच्या समोर उघडायची होती. ही चूक त्या फडक्याच्या चुकीपेक्षा मोठी निघाली. पोलीस चौकीत साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले हे दिवाणी आहे, ग्राहक मंचात जा.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली, तिथून शेठला विचारणा गेली असावी, उत्तर आलं नाही. मग ओळखीच्या वकिलांकडे गेलो. मला वाटत होतं की पिकअप म्हणजे धंद्याची गाडी, ग्राहक कायदा लागू होणार नाही, आणि शेठ पण तेच म्हणाला होता. वकील म्हणाले धंद्यासाठी म्हटलं की ग्राहक धरत नाहीत हे खरं, पण स्वतः राबून पोटापाण्यासाठी चालवत असाल तर तुम्ही ग्राहकच, कायद्यात तसं स्पष्ट आहे. तुमच्या नावावर एकच गाडी आहे, तुम्हीच चालवता, झालं. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची, जिल्हा ग्राहक आयोगात (म्हणजे तोच ग्राहक मंच) पाच लाखांपर्यंत फी लागत नाही. मग त्यांनी बिल हातात घेतलं आणि जीएसटी नंबर मोजला. तो पंधरा अक्षरांचा असतो, सुरुवातीला महाराष्ट्राचे २७. बिलावर चौदाच होती. माझ्याकडून जीएसटी वेगळा घेतला नव्हता म्हणून मी त्या ओळीकडे बघितलंच नव्हतं. वकील म्हणाले नोटिशीत ही ओळ घालू, बाकी काही नाही तरी याने तो हलेल.

हललाच. रजिस्टर पोस्टाने नोटीस गेल्यावर नवव्या दिवशी मेव्हण्यामार्फत निरोप, मिटवून टाकू. मी साठ मागितले, तो वीसवर, शेवटी पस्तीस हजार रोख आणि कागदावर सही की यापुढे माझी काही तक्रार नाही आणि मी गॅरेजचं नाव कुठे बदनाम करणार नाही. लढलो असतो तर कदाचित जास्त मिळाले असते, वकील पण तेच म्हणत होते, पण तारखेला जायचं म्हणजे एक फेरी बुडते आणि मेव्हण्याच्या घरात त्यावरून बोलणं बंद झालेलं. घेतले पैसे. बायको अजून म्हणते सही करायला नको होती.

तात्याने अठ्ठावन्न हजारांत काम केलं. मी स्टूल टाकून शेजारीच बसलो होतो, लायनर, पिस्टन, बेअरिंग, प्रत्येक बॉक्स माझ्यासमोर फुटला, वाटीच्या पाठीवरचे ०.२५ मी मोबाईलवर फोटो काढून मगच बसवू दिले. तात्या वैतागला, म्हणाला आता माझ्यावर पण विश्वास नाही का. म्हटलं तात्या चहा तुला मी पाजतो, पण फोटो काढणार.

ते पोतं पुरावा म्हणून गोठ्यात ठेवलं होतं. सही झाल्यावर भंगारवाल्याला दिलं, पिस्टन ॲल्युमिनियमचे म्हणून त्याने वेगळे तोलले. सगळे मिळून चारशे दहा रुपये आले.