जुनी हिरो इम्पल्स रिबिल्ड करायची का? इंजिन सगळ्यात शेवटी बघा

सरळ सांगतो, जुनी इम्पल्स घेऊन परत उभी करावी का तर हो, करावी, पण फ्रेम सरळ असेल, कागद क्लिअर असतील आणि प्लास्टिक बऱ्यापैकी जागेवर असेल तरच. इंजिन बंद असलं तरी चालेल. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात, किक मारतात, गाडी स्टार्ट झाली की खूश, पैसे देऊन मोकळे, आणि मग महिनाभराने कळतं की स्विंगआर्म, म्हणजे मागचं चाक धरणारा दांडा, खाली गंजून कागदासारखा झालाय. म्हणून हा रिव्ह्यू जरा वेगळ्या क्रमाने लिहितोय, ज्या क्रमाने गाडी बघायला पाहिजे त्या क्रमाने.

आधी थोडं गाडीबद्दल, कारण नवीन पोरांना इम्पल्स म्हणजे काय तेच माहीत नसतं. २०११ मध्ये हिरो आणि होंडा वेगळे झाले आणि हिरोने स्वतःच्या नावाने ज्या पहिल्या गाड्या काढल्या त्यातली ही एक. मूळ डिझाइन होंडाच्या ब्राझीलमधल्या एनएक्सआर १५० ब्रॉसवरून आलेलं. १४९ सीसी, एअर कूल्ड, कार्ब्युरेटर, ताकद १३ पीएसच्या आसपास, वजन १३४ किलो, पुढे १९ इंची आणि मागे १७ इंची स्पोक व्हील, मागे मोनोशॉक म्हणजे मधोमध एकच शॉक ॲब्सॉर्बर, सायलेन्सर वरून गेलेला. तेवढ्याच पैशात जास्त पळणाऱ्या गाड्या मिळत होत्या म्हणून लोकांनी घेतली नाही आणि काही वर्षांनी कंपनीने गुपचूप बंद केली. पण गोव्यातल्या सत्तरीत कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत जायच्या वाटा, डिचोलीकडचे लाल मातीचे रस्ते, पावसात वाहून गेलेले चढ, असल्या ठिकाणी ज्याने ही चालवली त्याला विचारा. हलकी आहे, उंच आहे, पडली तर एकटा माणूस उचलतो. १३ पीएस कमी वाटतात, पण कमी आरपीएमला ताकद बरी आहे आणि जांभ्या दगडाच्या चढावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू चढते, तिथं टॉप स्पीड कुणाला पाहिजे.

मी जी गाडी बघायला गेलो ती वाळपईकडची, जीए-०४ पासिंगची, पडवीत कित्येक पावसाळे उभी. सोबत आमचा मेस्त, म्हणजे मेकॅनिक होता. घरमालक लगेच प्लग काढून दाखवायला लागला, तर मेस्त म्हणाला, "दादा, आधी आरसी दाखवा, इंजिनाचं मागीर बघूया." मला हे फार पटलं.

तर कागद. २०११-१२ च्या गाड्यांचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं, म्हणजे २०२६-२७ मध्ये संपतंय. त्यानंतर आरटीओत गाडी दाखवून फॉर्म २५ वर पाच वर्षांसाठी रिन्यू करावं लागतं, टू-व्हीलरला २०२२ पासून फी १००० रुपये आणि उशीर केला तर महिन्याला ३०० रुपये वरून. आकडे मोठे नाहीत, पण रिन्यू होण्यासाठी गाडी चालत्या अवस्थेत, लाइट-हॉर्न-ब्रेकसकट न्यावी लागते हे लक्षात ठेवा, म्हणजे रिबिल्ड पूर्ण झाल्याशिवाय कागद सुधारत नाहीत. नाव ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३० वर आरसीवरच्या मालकाची सही लागते, तो माणूस परदेशात असेल किंवा वारला असेल तर पुढचे हेलपाटे तुमचे. जुन्या गाडीवर बँकेचा बोजा बरेचदा तसाच असतो, हप्ते कधीचे फिटलेले पण बोजा उतरवायचा फॉर्म ३५ कुणी दिलेलाच नसतो. आणि एमएच-०७ (सिंधुदुर्ग) किंवा केए-२२ (बेळगाव) ची गाडी स्वस्तात मिळते म्हणून उड्या मारू नका, एनओसी आणायची, इथला रोड टॅक्स भरायचा, हे सगळं धरून मग स्वस्त वाटते का बघा. चेसिस नंबर आरसीशी स्वतःच्या डोळ्यांनी जुळवायचा. गंजाने नंबर खाल्ला असेल तर तिथूनच परत फिरा.

आता फ्रेम, आणि गोव्यात हीच खरी परीक्षा आहे. इथं जून ते सप्टेंबर पाऊस कोसळतो, हवा बाराही महिने दमट, किनाऱ्याकडची गाडी असेल तर खारं वारं वेगळं. लाल माती ओली होऊन स्विंगआर्मच्या आत, फूटरेस्टच्या ब्रॅकेटमागे, मोनोशॉकच्या खालच्या बाजूला बसते आणि तिथंच ओल धरून राहते. वरून रंग चकचकीत, खाली पोकळ. एक स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि वेल्डच्या आजूबाजूला टोचून बघा, घट्ट आवाज आला तर बरं, भुसभुशीत लागलं की संपलं. मग मागचं चाक दगडावर किंवा क्रेटवर उचलून दोन्ही हातांनी आडवं हलवा, चाकाचं बेअरिंग ठीक असूनही खेळ जाणवला तर स्विंगआर्मचे बुश गेलेत. बुश बदलता येतात, त्याची भीती नाही, पण बोल्ट आत गंजून धरलेला असेल तर तो काढताना अख्खं दुपारचं काम आणि गॅसचा टॉर्च लागतो.

पुढचे फोर्क, म्हणजे पुढच्या सस्पेन्शनचे पाइप बघताना रबराचं बूट वर सरकवा, हे कुणीच करत नाही. आमच्या या गाडीत बाहेरून सगळं छान, आणि बूट वर केला तर क्रोमवर मोहरीएवढे काळे खड्डे, नख फिरवलं की अडकायचं. असल्या पाइपवर नवीन ऑइल सील टाकणं म्हणजे पैसे ओतणं, दोन राइडमध्ये सील फाटतं आणि तेल डिस्कवर उतरतं. पाइप बदला किंवा हार्ड क्रोम करून घ्या. असल्या कामाला आणि इंजिनाच्या बोरिंगला आमच्याकडचे लोक चोर्ला घाट चढून बेळगावला उद्यमबागेत जातात, आम्हीही तिथंच दिलं आणि काम चोख झालं.

व्हीलमध्ये स्पोकवर पाना हलकाच आपटत जा, सगळे एका सुरात वाजले पाहिजेत, एखादा बद्द वाजला तर तो सैल. निपल, म्हणजे स्पोक आवळायचे नट, रिममध्ये गंजून बसले असतील तर नुसतं अलाइनमेंट होणार नाही, कापूनच काढावे लागतात, म्हणजे नवीन स्पोक सेट धरा.

टाकीत टॉर्च मारून बघा. आताचं पेट्रोल २० टक्के इथेनॉलवालं, ते हवेतली ओल खेचतं, आणि आमच्या हवेत ओलीला काय तोटा. उभ्या गाडीच्या टाकीत पाणी खाली बसतं, गंज तिथून सुरू. कार्ब्युरेटरचे ओ-रिंग, पेट्रोल पाइप, फ्लोट व्हॉल्व्ह हे सगळं सरसकट नवीन टाका, त्यात कंजुषी नको.

आणि प्लास्टिक! हेडलाइटचा मुखवटा, साइड पॅनल, पुढचा उंच मडगार्ड, टाकीच्या बाजूचे कव्हर. गाडी बंद होऊन इतकी वर्षं झाली, ओरिजिनल तुकडे आता शोधत फिरावं लागतं, आणि विकणाऱ्यालाही ते माहीत आहे. दोन गाड्यांत निवड असेल तर बंद इंजिन आणि पूर्ण प्लास्टिकवाली घ्या, चालतं इंजिन आणि अर्धी बॉडी नको. मोनोशॉकचंही तेच, ओरिजिनल सहज मिळत नाही, दुसऱ्या गाडीचा बसवतात पण लांबी आणि स्प्रिंग जुळला नाही तर गाडीची सगळी उंची बिघडते.

इंजिन शेवटी का, तर ते हिरोच्याच हंक आणि सीबीझी एक्स्ट्रीम या गाड्यांच्या घराण्यातलं आहे. पिस्टन, रिंग, व्हॉल्व्ह, टायमिंग चेन, क्लच प्लेट, म्हापसा, फोंडा, मडगाव कुठंही विचारा, मिळतं, आणि कुठलाही जाणता मेस्त डोळे मिटून खोलतो. सकाळी स्टार्ट करताना थोडा निळा धूर येऊन थांबला तर व्हॉल्व्ह सील, ॲक्सिलरेटर दिल्यावर सतत येत राहिला तर बोअर आणि रिंग. दोन्ही किरकोळ. फक्त कनेक्टिंग रॉडमध्ये वर-खाली खेळ असेल तर क्रँक प्रेसवर न्यावा लागतो आणि खर्च वाढतो, तेवढं आधी ऐकून घ्या. आम्हाला इंजिनाचं सगळं मिळून पंधरा हजारांच्या आत बसलं, सस्पेन्शन, व्हील आणि टायरला त्याहून जास्त गेले.

हिरोच्याच करिझ्माचं २२३ सीसी इंजिन बसवायचा नाद बऱ्याच जणांना आहे. बसतं, पळतंही जोरात. पण आरसीवर नोंद नसेल तर गाडी बेकायदेशीर, अपघात झाला की इन्शुरन्सवाला हात वर करणार. माझं मत, नको. १५ वर्षांची गाडी रिन्यूअलला नेताना इंजिन नंबर बघतातच.

राहिला प्रश्न एक्सपल्सचा, म्हणजे हिरोच्याच नव्या ऑफरोड गाडीचा. २०१९ ची एक्सपल्स २०० सेकंडहँड मिळते, पुढे २१ मागे १८ इंची व्हील, सस्पेन्शन पुढे १९० आणि मागे १७० मिमी, ती ऑफरोडला इम्पल्सपेक्षा सरस आहे यात वाद नाही. म्हणून माझा हिशेब असा, इम्पल्सची किंमत अधिक कामाचा खर्च मिळून सेकंडहँड एक्सपल्सच्या दोन तृतीयांशापेक्षा वर जात असेल तर इम्पल्स सोडा. खाली राहत असेल तर डोळे झाकून घ्या, कारण हलकेपणा आणि साधेपणा यात ही जुनी गाडी अजून हरत नाही, आणि रानात बंद पडली तर पाना आणि प्लग एवढ्यावर घरी येते. रोज डिचोली ते पणजी ऑफिसला जाणाऱ्याने मात्र हिच्या नादी लागू नये, त्याला साधी स्कूटर बरी.

आम्ही घेतली. चोर्ला दोनदा-तीनदा चढून आली, सत्तरीतल्या केरीच्या बाजूला रानवाटेवर पण फिरली. गाडी बीचवर अजिबात नेत नाही, एक तर बीचवर गाडी घालायला बंदी आहे आणि खारी वाळू चेन नि बेअरिंग खाते. आता फक्त डाव्या बाजूचा साइड पॅनल बाकी आहे, लाल रंगाचा, ओरिजिनल. कुणाच्या पडवीत पडला असेल तर सांगा, योग्य किंमत देऊन घेऊन जाईन.