जुन्या वायरिंगच्या घरात शॉवर बदलताना : इन्स्टंट, साठवणीचा की मोठा इलेक्ट्रिक शॉवर?

सांगलीच्या गावभागात, खणभागात अजून अशी कितीतरी घरं आहेत, जिथे न्हाणीघरातल्या टाइल्स नव्या, नळ नवे आणि भिंतीतली वायर मात्र आजोबांच्या वेळची. अशा घरातला इलेक्ट्रिक शॉवर किंवा इन्स्टंट गिझर जळाला, की त्याच जागी तसाच नवा लावून मोकळं व्हायचं हा पहिला विचार असतो. दुकानात प्रश्न येतो, "किती लिटरचा देऊ?" पण त्या आधीचा प्रश्न असा, की न्हाणीघरापर्यंत आलेली वायर किती अँपिअर सोसते? माझं मत आधीच सांगतो. वायरिंग जुनं असेल तर २ किलोवॉटचा, १५ लिटरचा साठवणीचा गिझर घ्या, आणि तो मीटरपासून ओढलेल्या स्वतंत्र नव्या लाइनवर लावा. नवी लाइन ओढायची तयारी नसेल, तर यातलं काहीच लावू नका.

आपल्याकडे २३० व्होल्ट धरले, तर २ किलोवॉटचा गिझर साधारण ९ अँपिअर ओढतो, ३ किलोवॉटचा इन्स्टंट १३, साडेचार किलोवॉटचा जवळजवळ २०. परदेशातले नातेवाईक कौतुकाने पाठवतात तो साडेआठ किलोवॉटचा शॉवर ३७ अँपिअर घेतो. वायरच्या सैल सांध्यात तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. म्हणजे ९ ऐवजी १३ अँपिअर गेले की तोच सांधा दुपटीहून जास्त तापतो, २० गेले की जवळजवळ पाचपट. आणि जुन्या घरात सैल सांधा असतोच. तांब्याच्या वायरला ॲल्युमिनियमची वायर पिळून वर काळी टेप गुंडाळलेली असते, ती माळ्यावर कुठेतरी लपलेली असते आणि घरातल्या कुणालाच ठाऊक नसते.

अशा वाड्यातला बोर्ड उघडला की काय दिसतं ते सांगतो. सागवानी पट्टीवर पत्र्याच्या क्लिपांनी बसवलेली रबरी वायर असते. बाहेरून ती शाबूत वाटते, पण बोटाने वाकवली की वरचं रबर पापडासारखं तुटून हातात येतं आणि आतली तार उघडी पडते. बोर्डावर पांढरे चिनीमातीचे किटकॅट फ्यूज. फ्यूज वारंवार उडतो म्हणून कुणीतरी त्यात बारीक फ्यूज वायरऐवजी तांब्याच्या जाड तारा भरलेल्या. तो फ्यूज आता कधीच उडणार नाही, त्याच्या आधी वायर जळेल. त्यात २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्या घरांत पाणी शिरलं, तिथे खालच्या बोर्डांत आणि वायरच्या पाइपांत गाळ बसला. ऊन दाखवून, पुसून पुन्हा चालू केलेल्या त्या पॉइंटांवर दिवा लागतो, पंखा फिरतो. गिझरचा भार त्यांच्यावर टाकू नये.

वायरइतकाच, किंबहुना जास्त जपण्याचा भाग म्हणजे अर्थिंग, म्हणजे गिझरच्या पत्र्यावर आलेली वीज जमिनीत नेणारी तार. वायरमन शहाणा असेल तर मीटरकडे जायच्या आधी घरात विचारतो :

"काकू, गिझर चालू असताना नळाला हात लावला की मुंग्या येतात का?"

"येतात की रे. पायात चप्पल असली की नाही येत."

एवढं उत्तर पुरे आहे : पत्र्यावर वीज येते आणि अर्थिंग काम करत नाही. गिझर लगेच बंद करायचा, त्याचा फ्यूज काढून ठेवायचा. पूर्वी बऱ्याच घरांत अर्थची तार पाण्याच्या जीआय (लोखंडी) पाइपला बांधलेली असायची. तेव्हा तो पाइप जमिनीतून जायचा, म्हणून काम भागायचं. पुढे गळती झाली, प्लंबरने सीपीव्हीसीचा, म्हणजे प्लास्टिकचा पाइप टाकला, आणि त्या दिवशी घराचं अर्थिंग संपलं. तार अजून बांधलेलीच आहे, पण ती आता प्लास्टिकला जाऊन थांबते. दुसरी याहून वाईट पद्धत म्हणजे सॉकेटमध्ये अर्थची पिन न्यूट्रललाच जोडून देणे. टेस्टरने बघितलं तर सगळं ठीक दिसतं. मागे कुठे न्यूट्रल तुटली, की गिझरच्या पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट येतात, आणि माणूस ओल्या फरशीवर अनवाणी उभा असतो. असं जोडून देणाऱ्याला पुन्हा घरात घेऊ नका.

सांगलीची काळी माती ओल धरते, म्हणून नवा अर्थिंगचा खड्डा इथे चांगला लागतो. उन्हाळ्यात तीच माती भेगाळते, खड्ड्यातल्या अर्थिंगच्या पाइपपासून सुटते, तेव्हा खड्ड्यात अधूनमधून पाणी घालायचं लक्षात ठेवा.

आता अंघोळीच्या सोयीचं बघू, कारण शेवटी रोज सकाळी तीच अनुभवायची आहे. थंडीत टाकीतलं पाणी २० अंश आणि अंगावर घ्यायचं ४० अंश धरलं, तर ३ किलोवॉटचा इन्स्टंट मिनिटाला जेमतेम २ लिटर देतो. २० लिटरची बादली भरायला ९ मिनिटं. शॉवरखाली उभं राहायचं म्हटलं तर ही धार बारीकच. साडेचार किलोवॉटचा ३ लिटरच्या थोडं वर जातो. साठवणीचा २ किलोवॉटचा गिझर १५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला २१ मिनिटं घेतो, वीज साधारण ०.७ युनिट. त्यात तेवढंच गार पाणी मिसळलं की ३० लिटर अंघोळीचं पाणी, आणि नळ हवा तेवढा मोठा सोडता येतो. चौघांच्या घरात मधे थांबावं लागतं, हे खरं. पण थंडीत सकाळी व्होल्टेज २०० वर उतरलं, तर ३ किलोवॉटचा इन्स्टंट प्रत्यक्षात सव्वादोन किलोवॉटच देतो आणि पाणी कोमटच येतं. साठवणीचा तेव्हा पाचसात मिनिटं जास्त घेतो, पाणी मात्र पुरतं तापवतो. म्हणूनही माझा कौल त्याला.

इन्स्टंटची जमेची बाजू म्हणजे तो हलका आणि लहान. जुन्या वाड्यात ही बाजू खरंच महत्त्वाची ठरते. पांढऱ्या मातीच्या भिंतीत साधे प्लग धरत नाहीत, आणि पाण्याने भरलेला १५ लिटरचा गिझर चांगलाच वजनदार होतो. भिंत मातीची असेल तर आरपार बोल्ट घेऊन मागे लोखंडी पट्टी द्यावी, किंवा खालून अँगलचा आधार द्यावा. ते जमत नसेल, दोनच माणसं असतील आणि बादलीने अंघोळ चालत असेल, तर ३ किलोवॉटचा इन्स्टंट घ्यायला हरकत नाही. लाइन मात्र नवीच. साडेचार किलोवॉटचा सुचवणार नाही. १६ अँपिअरच्या प्लगवर तो चालवायचाच नसतो, डबल पोल स्विचवरून (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणाऱ्या) थेट जोडावा लागतो, आणि जुन्या घरात नेमकं तेच केलं जात नाही.

साडेआठ किलोवॉटचा शॉवर कितीही सुंदर दिसला तरी परत पाठवा. त्याला १० चौरस मिलिमीटरची वायर लागेल, घराचा मंजूर भार महावितरणकडून वाढवून घ्यावा लागेल, मीटरपर्यंतची केबलही बदलावी लागेल. शिवाय असे शॉवर नळाच्या चांगल्या दाबावर चालतात. गच्चीवरची टाकी दोन-तीन मीटर उंच असते, आणि १ बार दाबाला १० मीटर उंची लागते. म्हणजे वर पंपही आला.

गॅस गिझरने वायरिंगचा प्रश्न सुटतो, म्हणून पुष्कळजण तिकडे वळतात. बंद न्हाणीघरात तो अजिबात नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस आत बेशुद्ध पडलेला बाहेर कळत नाही. लावायचाच तर बाहेर मोकळ्या हवेत लावून आत फक्त गरम पाण्याचा पाइप घ्यावा. सोलर उत्तम, गच्ची आपली असेल तर. पावसाळ्यात दुसरी सोय लागतेच. बादलीतला रॉड जुन्या वायरिंगच्या घरात, विशेषतः लहान मुलं असतील तर, ठेवूच नका.

नवी लाइन म्हणजे काय, तेही नीट सांगून काम द्या. फेज, न्यूट्रल आणि अर्थ, तिन्ही तारा मीटरच्या बोर्डापासून नव्या. फक्त फेज नवी आणि न्यूट्रल जुन्यातून घेतली तर उपयोग नाही. वायर तांब्याची, २.५ चौरस मिलिमीटर, अंतर लांब असेल तर ४. मधे एकही सांधा नको. सुरुवातीला १६ अँपिअरचा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पडणारा स्विच). हा आरसीसीबी अख्ख्या घराला लावला तर जुन्या वायरिंगच्या गळतीमुळे सारखा पडतो, आणि मग वैतागून कुणीतरी तो काढून टाकतो. म्हणून तो फक्त या नव्या लाइनवर घ्या. गिझरचा स्विच न्हाणीघराबाहेर, आणि पूर येणाऱ्या भागात बोर्ड छातीच्या वर. काम परवानाधारक ठेकेदाराकडून करून घ्या आणि त्याला मेगरने, म्हणजे वायरच्या वेष्टणातून वीज गळते का ते मोजणाऱ्या यंत्राने, इन्सुलेशन तपासून आकडा कागदावर लिहून द्यायला सांगा. १ मेगोहमच्या खाली असेल तर गिझर जोडू देऊ नका.

घरमालक परवानगी देत नाही किंवा पैसे दिवाळीनंतर येणार आहेत, अशी अडचण असेल तर तोवर पाणी स्वयंपाकाच्या गॅसवर तापवा आणि न्हाणीघरातला जुना पॉइंट वायरमनकडून मुळापासून तोडून घ्या. नुसता स्विच बंद ठेवणं पुरेसं नाही. जुन्या बोर्डांत स्विच कधीकधी न्यूट्रलवर बसवलेला असतो, आणि तो बंद असला तरी पॉइंटवर वीज असते.