सीताबर्डीतून आणलेला कोंबडीच्या भ्रूणाचा स्लाइड-संच

बी.एस्सी.च्या भ्रूणविज्ञानाच्या प्रात्यक्षिकांसाठी नागपूरच्या सीताबर्डीतील प्रयोगशाळा साहित्याच्या एका दुकानातून मी आठ स्लाइडचा संच १,६०० रुपयांना घेतला. ज्या पेशींपासून पुढे शुक्राणू किंवा अंडपेशी तयार होतात, त्या आद्य जननपेशी जननग्रंथींत जन्मत नाहीत, दुरून तिथे येतात, हे विद्यार्थ्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसावे, एवढीच माझी अपेक्षा होती.

ती अपेक्षा सुमारे ५० तासांच्या भ्रूणाच्या स्लाइडने पूर्ण केली. रक्तवाहिनीच्या छेदात लहान रक्तपेशींच्या गर्दीत एक मोठी, गोल, किरमिजी रंगाची पेशी स्पष्ट दिसते; कोंबडीच्या जननपेशींत ग्लायकोजन (साठवलेली शर्करा) भरपूर असते आणि पीएएस स्टेन हे रंजक त्याला किरमिजी रंगवते. संशोधक स्विफ्ट यांनी १९१४ साली वर्णन केलेला रक्तातून होणारा हा प्रवास मी इतकी वर्षे फळ्यावर खडूने काढत आलो, त्यामुळे ती पेशी पाहताना मला मनापासून आनंद झाला.

माहितीपत्रकाने मात्र निराशा केली. ‘रासायनिक आकर्षणामुळे पेशी स्थलांतर करतात’ या एका ओळीत त्याने सगळा विषय गुंडाळला आहे. झेब्रा माशावरील संशोधनातून २००२-०३ पासून हे पुष्कळ उलगडले आहे: वाटेवरच्या ऊती एसडीएफ-१ हे प्रथिन स्रवतात, जननपेशीच्या पृष्ठभागावरील सीएक्ससीआर-४ हे ग्राही प्रथिन ते ओळखते आणि जिकडे त्याचे प्रमाण जास्त, तिकडे पेशी फुगवटा काढून सरकते. त्याहून विलक्षण काम सीएक्ससीआर-७ या दुसऱ्या ग्राही प्रथिनाचे आहे. आजूबाजूच्या पेशी त्याच्या साहाय्याने जास्तीचे एसडीएफ-१ गिळून टाकतात. तसे झाले नाही, तर सगळीकडे सारखाच संकेत पसरतो आणि जननपेशी वाट चुकतात. कोंबडीतही रक्तवाहिनीबाहेर पडून जननग्रंथीपर्यंत पोहोचण्याच्या टप्प्यात एसडीएफ-१ चा वाटा आढळला आहे. त्यामुळे स्लाइडसोबत एवढे तरी छापायला हवे होते.

७२ तासांच्या स्लाइडवर डीपीएक्सचा (काचपट्टी चिकटवण्याच्या द्रवाचा) बुडबुडा नेमका भावी जननग्रंथीवर आला होता. दुकानदारांनी ती विनातक्रार बदलून दिली, पण त्यासाठी भर मे महिन्यात दुसरी खेप पडली. शिकवण्यासाठी संच घेण्याजोगा आहे. फक्त ही स्लाइड दुकानातच मायक्रोस्कोपखाली तपासून घ्यावी.